शिकवलेली साक्ष

सातपूर, ७ जुलै २०२४

रुद्र,

वर 'प्रिय' लिहिलेलं नाही. ते विसरून राहिलं असं समजू नकोस.

आई परवा तुला भेटून आली आणि माझ्यासमोर पदर डोळ्यांना लावून बसली. म्हणाली, "तो रडत होता. ताई एकदाही आली नाही म्हणत होता." मी तिला पाणी दिलं आणि सांगितलं की मी जाणार नाही, पत्र लिहीन. नाशिकरोड जेलला जायला बस आहे, सुट्टीही मिळेल. मला यायचं नाही, म्हणून मी येत नाही. हे पत्र तुझ्या आधी तिथले साहेब वाचतील. वाचू देत.

गल्लीत काय चाललंय असं तू आईला विचारलंस म्हणे. सांगते. चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स बदललाय. तुझ्या त्या दादाचा फोटो तसाच मोठा आहे, गॉगल घातलेला. खालच्या रांगेत जिथे तुझं तोंड होतं तिथे आता दुसऱ्या पोराचं आहे. मिसरूडही फुटलेलं नाही त्याला. दादा तुला एकदा तरी भेटायला आला का? मला माहीत आहे, आला नाही. तुझ्यासाठी वकील शोधत आपले अण्णा कंपनीतली ड्यूटी संपवून युनिफॉर्मवरच फिरत होते.

आणखी एक गोष्ट. तीच खरी सांगायची आहे.

समाजमंदिरातली आमची अभ्यासिका तुला आठवत असेल. जयराम सर निवृत्त झाल्यावर त्यांनी आणि मी मिळून सुरू केली ती. संध्याकाळी आम्ही शिकवत असायचो आणि तू दारावरून बुलेटचे फटाके वाजवत जायचास. मंगळवारी तिथे लंकाबाई आली, मुलाला घेऊन. वाल्मीकला. तू ज्याच्यावर कोयता चालवलास, त्याला.

तू मारून पळालास, त्यामुळे हात नंतर पाहिला नसशील. उजव्या हाताचा अंगठा आणि शेजारची दोन बोटं गेली. उरलेली दोन मिटत नाहीत. सोळा वर्षांचा पोरगा, दहावीचं वर्ष. त्याचा गुन्हा काय, तर तुझ्या रीलखाली त्याने हसण्याचे इमोजी टाकले. दादा तलवारीने केक कापताना तू मागे उभा राहून मान वाकडी करून बघत होतास, त्यावर. मीही हसले होते ती रील बघून. मग माझाही हात तोडायचास.

लंकाबाई दारातच उभी राहिली. म्हणाली, "पोरी, तुझ्या भावानं केलं ते केलं. पोरगं घरात बसून बसून येडं व्हायला लागलंय. बोलत नाय, जेवत नाय. फुकट शिकवणारं हितं दुसरं कोनी नाय. ठेवून घे. जमत नसल तर तसं सांग, मी नेते माघारी."

सर माझ्याकडे बघत होते. मी वाल्मीकला म्हटलं, "चप्पल तिकडे काढ आणि आत बस."

तो बसल्यावर मी मागच्या नळावर गेले आणि तोंड धुतलं. परत परत धुतलं.

सृष्टी


सातपूर, १५ सप्टेंबर २०२४

रुद्र,

तुझं पत्र आलं. वाल्मीकला माझ्यातर्फे सॉरी सांग, असं तू लिहिलंयस. सांगणार नाही. तुझं सॉरी पोचवायला मी पोस्टमन नाही. आणि त्या शब्दाने त्याला पेन धरता येणार आहे का?

तू असंही लिहिलंयस की तुला कोणी समजून घेतलं नाही. कोणी घेतलं नाही, नावं सांग. आपण एकाच घरात वाढलो. एकाच ताटातलं खाल्लं, आणि आई तुला आधी वाढायची. दहावीत गणितात आणि इंग्रजीत गेलास तेव्हा जयराम सर दोनदा घरी आले होते, परत फॉर्म भर म्हणून सांगायला. दुसऱ्यांदा तू त्यांना दारातून काय म्हणालास ते मी इथे लिहीत नाही. तिथले साहेब वाचतात.

समजून घेणं म्हणजे काय ते तुला सांगते. वाल्मीकला कागदावर डाव्या हाताने लिहिताच येईना. पेन घसरायचं, कागद फाटायचा. सरांनी त्याला फळ्यापुढे उभं केलं आणि खडू दिला. फळ्यावर लिहिताना सगळा हात खांद्यापासून फिरतो, मनगटावर भार येत नाही. त्याने 'अ' काढला तो पाटाएवढा, आणि एका बाजूला पडलेला. मागची दोन पोरं हसली. वाल्मीकने डस्टर उचलून त्यांच्या अंगावर भिरकावलं. भिंतीला लागलं म्हणून बरं. मला वाटलं, आता हा निघून जाणार.

मी कोणालाच बाहेर काढलं नाही. सगळ्यांना एकेक खडू दिला आणि म्हटलं, "डाव्या हाताने स्वतःचं पूर्ण नाव लिहा. आडनावासकट." फरशीवर, भिंतीवर, जिथे जागा मिळेल तिथे. मीही लिहिलं. कोणालाही धड जमेना. हसणं आपोआप थांबलं. वाल्मीक सगळ्यांची नावं बघत फिरला आणि माझ्यापाशी येऊन म्हणाला, "ताई, तुमचा 'ष्ट' चुकलाय." जुलैपासून त्याने माझ्याशी बोललेलं हे पहिलं पूर्ण वाक्य.

अजून एक सांगते, कारण त्यात तुझा हात आहे. बाहेर कुठल्या बाइकने फटाका वाजवला की अर्धा वर्ग दाराकडे बघतो. वाल्मीक बेंचखाली जातो. खाली जाऊन मग लाजतो आणि रबर शोधत असल्याचं नाटक करतो. एकदा सरांनी शिकवणं थांबवून सगळ्यांना विचारलं, "आवाज आला तेव्हा कुणाला कुठे काय झालं?" मग एक मुलगी म्हणाली, "पोटात गोळा येतो." एकजण म्हणाला, "माझे पाय गार पडतात सर." सर म्हणाले, "माझ्या छातीत धडधडतं. आता पाणी प्या, मग पुढे जाऊ." इतकंच. तेव्हापासून बेंचखाली गेलं तरी कोणी हसत नाही. कोणीतरी हात देऊन वर काढतं. हे आमच्या शिकवण्यात नव्हतं, रुद्र. तू आणि तुझ्या दादाने ते घालायला लावलं.

शाळेतली नोकरी मी सोडली, आईने सांगितलंच असेल. अभ्यासिकेला वेळ मिळावा म्हणून.

सृष्टी


सातपूर, २४ नोव्हेंबर २०२४

रुद्र,

आई काल तुझ्याकडून आली ती सरळ माझ्यापाशी येऊन बसली. हळू आवाजात बोलली, भिंतींना ऐकू जाईल असं वाटत असल्यासारखं. "तो पोरगा तुझं ऐकतो. त्याला समजाव. अंधार होता, कोणी मारलं ते दिसलं नाही, कोर्टात एवढंच म्हणायचं. रुद्र म्हणाला, ताईने मनात आणलं तर होईल."

रुद्र म्हणाला.

म्हणजे मी तुला फळ्याचं लिहिलं, डाव्या हाताचं लिहिलं, आणि ते वाचून तुझ्या डोक्यात हे आलं. हा पोरगा माझ्या बहिणीच्या मुठीत आहे. तुला त्यात एवढंच दिसलं.

मी आईला नाही म्हटलं. ती म्हणाली, "रक्ताचा भाऊ आहे तुझा." मी म्हटलं, "रक्त तर वाल्मीकचं सांडलं." तिने माझ्या तोंडावर हात ठेवला, मारायला उचलला होता तो. मग स्वतःच रडली.

आता तुला खरं सांगते. शाळेतली नोकरी मी सोडली नाही, मला सोडायला लावली. पालकांच्या सभेत कोणीतरी तुझी ती तलवारीची रील दाखवली. मुख्याध्यापिका बाईंनी मला बोलावून चहा दिला आणि म्हणाल्या, "तुमची काही चूक नाही, पण तुम्ही समजून घ्या." मी समजून घेतलं. तुझ्यामुळे सगळ्यांना समजून घेणंच माझ्या वाट्याला आलंय, आणि आता त्याचा मला वीट आलाय. सकाळी मी एका दवाखान्यात केसपेपर काढते. माझं लग्न जमत आलं होतं, निफाडचे लोक. त्यांनी फोन उचलणं बंद केलं. त्याचं मला फार दुःख नाही, पण तुला ते माहीत असावं.

वाल्मीकची साक्ष पुढच्या महिन्यात आहे. मी त्याला एक अक्षर सांगणार नाही, या बाजूने नाही आणि त्या बाजूनेही नाही.

सृष्टी


सातपूर, २२ डिसेंबर २०२४

रुद्र,

तारीख पुढे गेली, आता जानेवारीत आहे. पण त्याआधी काय झालं ते ऐक. आईने तुला यातलं काही सांगितलेलं नसणार.

मी नाही म्हटल्यावर आई स्वतः लंकाबाईच्या घरी गेली. मला न सांगता. लंकाबाई हॉस्टेलच्या मेसमधून पोळ्या लाटून नुकतीच आली होती. आईने तिचे पाय धरले. आणि म्हणाली, "माझी सृष्टी तुझ्या पोरावर एवढी मेहनत घेते, रोज, फुकट. त्याची जाण ठेव. माझ्या पोराला वाचव." वाल्मीक आतल्या खोलीत होता. त्याने ऐकलं.

दुसऱ्या दिवशी वर्ग सुटल्यावर तो मागे थांबला. बाकीची पोरं गेली. त्याने वही दप्तरात घातली, डाव्या हाताने चेन लावली आणि माझ्याकडे न बघता विचारलं, "ताई, तुम्ही मला शिकवता ते ह्याच्यासाठीच का?"

मला आधी कळलंच नाही. "कशासाठी?"

"साक्षीसाठी. तुमची आई आली होती."

मी म्हटलं, "नाही."

तो म्हणाला, "आईला मी तेव्हाच म्हणत होतो. त्याची बहीण आपल्याला फुकट कशाला शिकवील."

आणि गेला. नंतर आलाच नाही. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत. त्याला लेखनिक मिळत होता, पण मीच लिहीन म्हणत होता. सराव तुटला तर ते होणार नव्हतं. दहा दिवस मी त्याच्या रिकाम्या जागेकडे बघत गणित शिकवलं.

याआधी तुझा राग यायचा तेव्हा त्यात थोडी कीव असायची. एवढा लहान, एवढा मूर्ख, असं काहीतरी. त्या दहा दिवसांत ती गेली. तू त्याचा हात नेलास, तो तू शुद्धीत नव्हतास म्हणून नेलास असं आई म्हणते. पण हे तू शुद्धीत केलंस, तिथे बसून, विचार करून. पोरगं कसंबसं एका माणसावर विश्वास ठेवायला शिकलं होतं. तू तेही तोडलंस.

जयराम सर म्हणाले, "तू जा त्याच्या घरी." मी म्हटलं, कुठल्या तोंडाने जाऊ. ते म्हणाले, "ह्याच. दुसरं कुठून आणशील?"

मी आईला बरोबर घेतलं. ती यायला तयार नव्हती. अण्णा इतके महिने एक शब्द बोलले नव्हते. ते खाटेवरून म्हणाले, "जा तिच्याबरोबर." आई उठली.

लंकाबाईने आम्हाला बसायला सांगितलं नाही. बरोबर केलं तिने. मी उभ्याउभ्याच बोलले. "वाल्मीक, माझी आई आली होती ते मला न विचारता. तिने मागितलं ते मी मागत नाही. तू जे पाहिलंस ते कोर्टात सांग. सगळं सांग. तुला वाटलं तर मी तुझ्याबरोबर येते, नको वाटलं तर येत नाही. आणि साक्ष काहीही दे, दहावीपर्यंत मी तुला शिकवणार. माझ्याकडे यायचं नसेल तर सर घरी येऊन शिकवतील. त्यांचा रुद्रशी काही संबंध नाही."

आई तिथेच खाली बसली. "सृष्टे, काय करतेयस हे," एवढंच म्हणाली.

लंकाबाई आईला म्हणाली, "तुमचं पोरगं जेलात हाय, पण हाय ना धडधाकट. मी माझ्या पोराच्या शर्टाची बटणं लावायची, सोळाव्या वर्षी. तुम्ही पाय धरले तवा मला वाईट वाटलं. पन नाय."

वाल्मीक कोपऱ्यात उभा होता. चार दिवसांनी संध्याकाळी दाराशी चप्पल काढण्याचा आवाज आला. आत येऊन तो आपल्या जागेवर बसला आणि विचारलं, "कुठपर्यंत झालंय?"

आई माझ्याशी बोलत नाही. ताट वाढते आणि उठून जाते. असू दे.

सृष्टी


सातपूर, १९ जानेवारी २०२५

रुद्र,

तू कोर्टात होतास, तुला सगळं माहीत आहे. तरी लिहिते, कारण तू मान खाली घालून बसला होतास. जे बघितलं नाहीस ते मी सांगते.

वाल्मीकने सरांचा स्वेटर घातला होता. पिंजऱ्यात उभा राहिला तेव्हा उजवा हात खिशात होता. सरकारी वकिलांनी विचारलं, कोणी मारलं, त्याने तुझं नाव घेतलं. आरोपी इथे आहे का, विचारल्यावर त्याने बोट दाखवायला उजवा हात काढला. सवयीने. मग ते लक्षात येऊन डाव्याने दाखवलं. लंकाबाईने तोंड फिरवलं. अण्णा रजा काढून आले होते. ते तिच्याच बाकावर बसले होते, मध्ये जागा सोडून. ते तिला म्हणाले, "बाई, मला बोलायला तोंड नाही." ती उठून गेली नाही.

मग तुझ्या वकिलांची उलटतपासणी. अंधार होता ना, गर्दी होती ना, तुला भीतीने नीट दिसलं नसेल ना. तो "दिसलं" म्हणत राहिला. तेव्हा त्यांनी माझ्याकडे हात केला. "आरोपीची ही बहीण. हिचं भावाशी पटत नाही. तू रोज हिच्याकडे जातोस. ही साक्ष हिनेच तुला शिकवली ना?"

एकीकडे आपली आई, शिकवलं म्हणून खोटं बोल म्हणणारी. दुसरीकडे हे, खरं बोलतोय म्हणजे शिकवलेलंच असणार म्हणणारे. दोघांनाही माझी शिकवणी तेवढ्यासाठीच हवी होती. मला उठून ओरडायचं होतं. सरांनी माझं मनगट धरलं.

वाल्मीकने घाई केली नाही. ग्लासमधलं पाणी प्यायला, डाव्या हाताने, न सांडता. मग म्हणाला, "ताईंनी मला गणित आणि इंग्रजी शिकवलं. कोयता कोणी मारला ते मला आधीपासून माहीत होतं."

कोणी हसलं नाही. जज्जसाहेबांनी ते लिहून घ्यायला सांगितलं.

तेव्हा तू मान वर केलीस. मी पाहिलं. तू त्याच्याकडे बघत होतास, बराच वेळ. त्या बघण्याचं मी काय करू, मला कळत नाही. त्यावर विश्वास ठेवावा असं तू आजवर काही केलेलं नाहीस.

सृष्टी


सातपूर, १२ एप्रिल २०२५

सात वर्षं. आत काढलेले दिवस त्यातून वजा होतील, असं वकील म्हणाले. आई निकाल ऐकून कोर्टाच्या पायरीवर बसली ती उठेना. मी तिला धरून रिक्षात घातलं. अर्ध्या वाटेत तिने माझ्या खांद्यावर डोकं टाकलं.

वाल्मीकने बोर्डाचे सगळे पेपर स्वतः लिहिले. जादा वेळ मिळाला, तो सगळा वापरला.

मला वाटलं होतं, निकालाच्या दिवशी बरं वाटेल. नाही वाटलं. तुझा राग आला, आणि तू आठवीत असताना सायकलवरून पडून मला हाक मारत आला होतास ते आठवलं, आणि आणखी राग आला.


सातपूर, ८ जून २०२५

रुद्र,

वाल्मीक पास झाला. साठच्या वर टक्के आहेत, इंग्रजीत गणितापेक्षा जास्त. सरांनी पेढे आणले. लंकाबाईने अभ्यासिकेतल्या प्रत्येक पोराच्या हातावर स्वतः ठेवले, माझ्याही. त्याने कॉमर्सला अर्ज केलाय. शनिवारी तो पाचवीच्या मुलांना फळ्यावर अपूर्णांक शिकवतो. ओरडतो फार. मी त्याला सांगितलंय की ओरडून अपूर्णांक येत नाहीत.

आणि आता तुझं पत्र. तिथल्या वर्गात बसायला लागलोय, दहावीला परत बसायचंय, पुस्तकं मिळालीत, गणित डोक्यात शिरत नाही. ताई, तू शिकवशील का?

मी ते पत्र वाचून टेबलावर आपटलं. आता? सर दारात आले होते तेव्हा नाही, मी वह्या घेऊन तुझ्या मागे फिरत होते तेव्हा नाही. एक हात जावा लागला, आईचं कंबरडं मोडावं लागलं, तेव्हा रुद्रसाहेबांना गणित आठवलं. दोन दिवस मी तुला नाही असंच लिहिणार होते. लिहिलंही, आणि फाडलं. दारात आलेल्या कोणाला आम्ही परत पाठवलेलं नाही, हे मला नडलं.

पण वाल्मीकच्या पाठीमागे मला काही करायचं नव्हतं. ते एकदा आपल्या घराने करून झालंय. म्हणून शनिवारी त्याचा वर्ग संपल्यावर मी त्याला विचारलं. सरळ विचारलं. "रुद्रने मला शिकवायला सांगितलंय. तू नको म्हणालास तर मी शिकवणार नाही."

तो फळा पुसत होता. पूर्ण पुसून झाला तरी पुसत राहिला. मग म्हणाला, "शिकवा. सुटल्यावर तो आपल्याच गल्लीत येणार. तेव्हा त्याला काहीतरी येत असलेलं बरं."

मी हो म्हटलं. तो दप्तर घेऊन दारापर्यंत गेला आणि वळला. "पण मी माफ नाही केलं त्याला. हे सांगा तुम्ही."

सांगितलं. मीही केलेलं नाही.

१६ तारखेला, सोमवारी भेटीला येते. रेषीय समीकरणांचा पहिला सरावसंच तोवर सोडवून ठेव. जिथे अडलास तिथे खूण कर, दुसऱ्याचं बघून उतरवू नकोस. कोऱ्या वहीने समोर आलास तर मी तशीच उठून परत येईन.

सृष्टी